फायलीपर्यंत न पोहोचलेला आवाज

सोमवार, ४

आज तिच्यासमोर आजोबांशी वाद घातला आणि जिंकलो. अशा दिवशी वही सुरू करायला हरकत नाही.

आजोबा म्हणजे खरे आजोबा नव्हेत. माणूस बेचाळिशीचा, पण उकाड्यातही स्वेटर घालतो आणि दर दोन वाक्यांनी "आमच्या वेळच्या मशिनवर" म्हणतो. म्हणून ऑफिसात सगळे आजोबा म्हणतात आणि तेही ओ देतात. प्रोग्रामरांत ते सगळ्यांत जुने, मी सगळ्यांत नवा.

आमचं काम असं, की घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागणार, त्यांचा आवाज आधीच रेकॉर्ड करून ठेवायचा. पुढे ते टाइप करतील ते त्यांच्याच आवाजात बोलून दाखवणारं यंत्र बनवून द्यायचं. रेकॉर्डिंगची खोली तिच्या ताब्यात असते. ती म्हणजे ती. नाव लिहिणार नाही, आई माझं कपाट आवरते.

भांडण खरखरीवरून. रेकॉर्डिंगमध्ये मधेच खर्र होतं, कारण प्रोग्राम सारखा डिस्कवर लिहायला धावतो आणि जुनं मशीन धापा टाकतं. मी म्हटलं, एममॅप करू. ऑपरेटिंग सिस्टीमला सांगायचं, ही अख्खी फाइल मेमरीत अंथर. आपण नुसतं मेमरीत लिहीत सुटायचं, ते फायलीत नेऊन ठेवणं हे सिस्टीमचं काम.

आजोबा म्हणाले, "एममॅप म्हणजे उघडी वायर आहे, बाळा."

"म्हणून तर वेष्टण घालायचं! आपली भाषा आहे कशाला?"

आणि ते खरं आहे. आमची प्रोग्रामिंगची भाषा खाष्ट सासूसारखी. परत केलेल्या मेमरीला चुकून हात लावलात तर कंपायलर प्रोग्राम बनवूच देत नाही. फक्त सिस्टीमला हाक मारायच्या त्या चार ओळींपुरती ती तोंड फिरवते. त्या ओळी 'अनसेफ' अशा कंसात लिहायच्या. अर्थ एवढाच, की इथलं मला दिसत नाही, तुझं तू निस्तर. ते मी निस्तरणार. बाहेर सगळं गुळगुळीत.

आजोबा काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात ती म्हणाली, "करू दे ना त्याला, आजोबा. खरखरीनं माझे कान किटलेत."

करू दे ना त्याला! दिवसभर हेच कानात.

बुधवार, ६

काम पळतंय. आईने ताट वाढताना नेहमीची टेप लावली. "एवढी मान मोडून कॉलेजात बसला असतास तर आज..." मी ताटावरून उठलो. मग भूक लागली म्हणून परत बसलो. बाबा पेपरमागून हसले.

कॉलेज सोडलं ते मास्तरांनी माझा प्रोग्राम न चालवताच गुण कापले म्हणून. "चालवून तर बघा" म्हटलं, ते म्हणाले, "मला बघायची गरज नाही, नुसता वाचून कळतो." मी जर्नल त्यांच्या टेबलावर आपटलं आणि जो निघालो तो परत गेलो नाही. कधी कधी वाटतं, दार जरा हळू लावायला हवं होतं. पण फार वेळ वाटत नाही.

शुक्रवार, ८

आज लिलाववाले काका आले. भाजीच्या घाऊक बाजारात सगळा जन्म बोली पुकारण्यात गेला. आवाज असा, की खोलीच्या जाड दारातून बाहेर ऐकू येत होता. काकी सोबत. आल्या आल्या तिला म्हणाल्या, "बाई, तुमचं मशीन फुटलं तर आम्ही जबाबदार नाही हं."

काका म्हणाले, "ऐकलंत? घरात मला बोलूच देत नाही. म्हणून घसा बिघडला."

"गेली तीस वर्षं कान माझे बिघडलेत, ते कुणाला दाखवू?"

पहिली बैठक जुन्याच प्रोग्रामवर झाली. ठरलेली वाक्यं वाचायची होती. दार लावून घ्या. मला पाणी हवं आहे. आज तारीख किती. काका प्रत्येक वाक्य बोली लावल्यासारखं म्हणत होते. ती हसून हसून लाल. दुसऱ्या बैठकीत उरलेली वाक्यं आणि घरच्यांसाठी निरोप. निरोपाचा तिचा एक नियम आहे. माइक नीट लावून दिला, की ती हेडफोन काढून ठेवते आणि खुर्ची भिंतीकडे फिरवून बसते. नंतरही तो भाग कुणी ऐकत नाही, थेट घरी देतात.

मी विचारलं, "मग नीट आलाय की नाही कसं कळणार?"

"काटा हलतो ते दिसतं. बाकी तो आपल्यासाठी नसतो रे."

किती सुंदर आहे हे. ती, म्हणजे.

मंगळवार, १२

वेष्टण झालं! मॅप उघडतो, लिहितो, वाचतो, काम संपलं की आपोआप परत करतो. एकच कटकट होती. प्रत्येक चाचणीत नमुन्याची फाइल बदलून जायची आणि मला ती पुन्हा आणून ठेवावी लागायची. शेवटी वैतागून मॅप उघडायच्या ओळीत 'शेअर्ड' होतं तिथे 'प्रायव्हेट' लिहिलं. आता फाइल कितीही वेळा चालवा, जशीच्या तशी. सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास. जे लिहितो तेच परत वाचता येतं.

तिला स्क्रीन दाखवली. म्हणाली, "छान. हिरवंगार." डब्यातला अर्धा पराठा माझ्यापुढे सरकवला. मी चिडलो की नाकाचा शेंडा लाल होतो म्हणे, तिच्या धाकट्या भावासारखा. भावासारखा म्हणाली, पण म्हणताना बराच वेळ माझ्याकडे बघत होती.

गुरुवार, १४

आजोबांनी सगळ्यांदेखत माझा कोड उघडायला लावला. मी कंसातल्या ओळींवर हात ठेवल्यासारखा उभा. ते नुसते "हं, हं" करत होते. ते हं मला सहन होत नाही.

मग म्हणाले, "एक काम कर. रेकॉर्ड कर, प्रोग्राम पूर्ण बंद कर, आणि तीच फाइल दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामातून उघडून ऐक."

"चाचण्या हिरव्या आहेत."

"त्या तुझ्या चाचण्या. तू लिहिलंस, तूच वाचलंस. घरातल्या घरात."

माझं डोकं सणकलं. "स्पष्ट बोला ना. कॉलेज पुरं केलेलं नाही म्हणून विश्वास नाही."

"अरे, मी तरी कुठे पुरं करणार होतो? बापानं चप्पल काढली म्हणून झालं." सगळे हसले, तीही. मी मशीन बंद करून खाली चहाला निघून गेलो.

चहाच्या टपरीवर ती मागून आली. बहुतेक आजोबांशी बोलून आली असणार, कारण म्हणाली, "उद्या काकांची दुसरी बैठक तुझ्या प्रोग्रामवर घ्यायची, असं मी आजोबांकडून कबूल करून घेतलंय. ते म्हणाले ते तेवढं तपासशील ना?"

"तपासलं."

"खरंच?"

"हो म्हटलं ना."

तपासलेलं नाही. उद्या सकाळी लवकर जाऊन करीन. पण तिनं माझ्यासाठी आजोबांकडे शब्द टाकला! माझ्यासाठी!

शुक्रवार, १५

खरखर नाही! एकसुद्धा नाही!

सकाळी लवकर जायचं राहिलं. शर्टाला इस्त्री करण्यात वेळ गेला. पोहोचलो तेव्हा काका माइकपुढे बसले होते. वाक्यं झाली, मग काकींना बाहेर पाठवलं. काकी म्हणाल्या, "एवढं काय माझ्यामागं बोलायचंय?" काका म्हणाले, "नंतर ऐकशीलच की." तिनं हेडफोन काढले, भिंतीकडे तोंड केलं. मी काचेपलीकडे उभा. काका आज ओरडत नव्हते. माइकच्या अगदी जवळ तोंड नेऊन बोलत होते.

ते निघाल्यावर ती त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेली. प्रोग्राम उघडाच होता. मी 'परत ऐका' दाबलं. नियम मोडला, माहीत आहे, पण खरखर बघायची तर हळू आवाजातच बघायला हवी, मोठ्या आवाजात ती लपते. निरोपाचा जवळजवळ सगळा भाग ऐकला. स्वच्छ. काचेसारखा स्वच्छ. तेवढ्यात ती जिन्यावरून परत येताना दिसली, काकींच्या कशावर तरी अजून हसत होती. मी घाईने प्रोग्राम बंद केला.

"कसं आलंय?" तिनं विचारलं.

"एकदम साफ."

"वाक्यांचं ना?"

"हो, वाक्यांचंच."

आजोबांनी पाठीवर थाप मारली. मी मान फिरवली. ते चुकलं बहुधा. थाप चांगल्या मनानं मारली होती.

मंगळवार, १९

काकांचं ऑपरेशन झालं. व्यवस्थित पार पडलं, असा काकींचा फोन आला. तिनं फोन ठेवून डोळे पुसले. मी पाण्याचा ग्लास नेऊन दिला तर म्हणाली, "थँक्यू रे, शहाणा आहेस."

आता तिला सांगायचं. घरी आरशासमोर बोलून पाहतो, ठीक जमतं. तिच्यासमोर गेलो की भलतंच काहीतरी मेमरीबद्दल बोलत सुटतो. परवा मी तिला पॉइंटर म्हणजे काय ते समजावलं. तिनं जांभई दिली. दमली असेल.

सोमवार, २५

कसं लिहू.

सकाळी आजोबांनी काकांचं यंत्र बनवायला घेतलं. पहिल्या बैठकीची फाइल उघडली, ठीक. दुसरी उघडली. लांबी बरोबर. आकार बरोबर. आवाज नाही. सुरुवातीपासून शेवटापर्यंत सरळ रेघ. रोज संध्याकाळी जी नक्कल निघते, तिच्यातही इमानेइतबारे तीच शांतता.

मी म्हटलं डिस्क गेली असेल. आजोबा म्हणाले, डिस्क ठीक आहे. मी म्हटलं तुमचा प्रोग्राम चुकीचा वाचतोय. त्यांनी अजून दोन प्रोग्रामांतून उघडून दाखवली. माझे कान तापले. ती दारात उभी होती. मी तिच्याकडे वळलो आणि ओरडलो, "माइक चालू केला होतास का? की खुर्ची फिरवायच्या नादात विसरलीस?"

मी स्वतः ऐकलं होतं तिथे. माइक चालू होता हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

ती नुसती बघत राहिली, आणि आत निघून गेली.

मग मी कोड उघडला. फार शोधावं लागलं नाही. मॅप उघडायची ओळ. प्रायव्हेट. शेअर्ड मॅपमध्ये लिहिलेलं फायलीत जातं. प्रायव्हेट मॅपमध्ये लिहिलेलं फक्त आपल्यापुरतं असतं. सिस्टीम गुपचूप आपल्याला वेगळी प्रत देते, आपण तीत लिहितो, तीच वाचतो, सगळं जागेवर दिसतं. प्रोग्राम बंद झाला की प्रत फेकून देते. सिस्टीमनं काही चुकीचं केलं नाही. मी मागितलं तेच दिलं. कंपायलरही बोलला नाही, कारण ती ओळ कंसातली. माझ्या जबाबदारीतली.

गेल्या आठवड्यातल्या बाकी लोकांना परत बोलावता येईल. त्यांचे आवाज अजून आहेत.

मंगळवार, २६

आजोबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. म्हणाले, पहिल्या बैठकीवरून यंत्र बनेल, थोडं कच्चं, पण बनेल. "निरोपाचं मात्र काही करता येणार नाही. ते घरी जाऊन सांगावं लागेल. तू जा."

मी ऐकलं होतं, हे कुणाला सांगितलेलं नाही.

आणि टपरीवरचं ते "हो म्हटलं ना", तेही तिनं कुणाला सांगितलेलं दिसत नाही. दिवसभर मनात येतंय, का नसेल सांगितलं? मला वाचवायला? अजून काहीतरी शिल्लक असेल तिच्या मनात. असेल ना?

गुरुवार, २८

काकांच्या घरी जाऊन आलो. तीही आली. बसमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसली.

काका खाटेवर टेकून बसले होते. गळ्याला पट्टी, हातात पाटी. मला बघून त्यांनी हात वर केला, बाजारात बोली थांबवायला करतात तसा. काकी म्हणाल्या, "आता घरात एवढी शांतता, की मला झोपच येत नाही. आणलंत का ते त्यांचं बोलणं?"

मी सांगितलं. सरळ सांगितलं. माझ्या प्रोग्राममधल्या चुकीमुळे ते साठलंच नाही. ठरलेली वाक्यं पहिल्या दिवसाची आहेत, यंत्र बनेल. निरोप गेला.

काकींना आधी कळलंच नाही. "गेला म्हणजे? तुमच्याकडे दुसरीकडे कुठं असेल की."

"नाही काकी."

"म्हणजे माझ्यासाठी बोलले ते कुणीच ऐकलं नाही?"

ती म्हणाली, "आमच्याकडे ते ऐकत नाहीत, काकी. मी पण ऐकलेलं नाही."

इथे गप्प बसलो असतो तर सगळं तिथेच संपलं असतं. पण तोंडून निघून गेलं, "मी ऐकलं."

ती वळली. काकाही वळले. काकी खुर्चीच्या कडेवर पुढे सरकल्या. "काय म्हणाले?"

मी आठवायला लागलो. मला खरंच वाटलं की येईल. आवाज येतो डोक्यात, हळू, जवळून. सुरुवातीला "अगं" होतं. ते नक्की. मग पुढे... मी खरखर शोधत होतो. प्रत्येक शब्दाच्या मागे, प्रत्येक श्वासाच्या शेवटी. शब्द चाळणीतल्या पाण्यासारखे जाऊ देत होतो, खडे शोधत. आणि काचेतून ती दिसली तेव्हा तर तेही सोडून दिलं होतं.

"मी आवाज साफ आहे का ते बघत होतो, काकी. शब्दांकडे लक्ष नव्हतं."

काकी काकांकडे वळल्या. "मग तुम्हीच लिहून द्या की. हे घ्या, खडू."

काकांनी खडू घेतला. पाटीवर टेकवला. बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग मान हलवून खडू खाली ठेवला.

"आयुष्यभर चौकात उभं राहून ओरडलात, आणि आता बायकोसाठी दोन ओळी जड झाल्या," काकी म्हणाल्या, आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या. चहा करते म्हणाल्या. बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही.

परत येताना बसमध्ये मी तिला सांगितलं, "त्या दिवशी टपरीवर मी खोटं बोललो होतो. तपासलं नव्हतं."

"माहीत आहे मला."

"मग कुणाला का नाही सांगितलंस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आणि माइकचं?"

"चुकलो."

"हं."

तिचा स्टॉप आला. जाताना माझ्या खांद्याला हलकेच हात लावला, जसा रेकॉर्डिंगला आलेल्या पेशंटला लावते, आणि उतरली.

शुक्रवार, २९

सकाळी आजोबांच्या टेबलापाशी उभा राहिलो. म्हटलं, "तुम्ही सांगितलं होतं ते मी तपासलं नव्हतं. तिला मात्र तपासलं म्हणालो."

ते स्वेटरचं बटण लावत होते. "मग? फाइल उघडून बघितली असतीस तर त्याच दिवशी रेघ दिसली असती. एवढी अक्कल आहे रे आम्हाला."

म्हणजे सगळ्यांनाच माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. मी आपला गुपित जपत असल्यासारखा फिरत होतो.

"काढून टाकणार का मला?"

"आधी दुरुस्त कर. मग बघू."

दुरुस्त केलं. आता वेष्टणं दोन आहेत. फायलीत लिहायचं वेष्टण शेअर्डच उघडतं, तिथे दुसरा पर्यायच नाही. प्रायव्हेट मॅपचा प्रकार निराळा, तो रेकॉर्डिंगला द्यायला गेलात तर कंपायलर तिथेच अडवतो. आणि चाचणी आता आपला प्रोग्राम पूर्ण बंद करते, दुसऱ्या प्रोग्रामला उठवते, त्याच्याकडून वाचून घेते. जेवायच्या सुटीच्या आत झालं सगळं. एवढंच काम होतं. आजोबांनी "हं" केलं.

ती जेवायला दुसऱ्या टेबलावर बसली. रागानं नव्हे. तिथे जागा होती.

गुरुवार, ५

काकींचा फोन आला ऑफिसात, माझ्यासाठी. कच्चं यंत्र पोहोचलं. काका टाइप करतात आणि ते बोलतं. "दार लावून घ्या" झकास म्हणतं, म्हणाल्या, बाकी जरा रोबोसारखं. दिवसभर काका मुद्दाम दार लावून घ्यायलाच सांगतात.

मी हसलो. त्याही हसल्या.

मग म्हणाल्या, "बाळा, काही आठवलं का रे?"

"नाही काकी."

"रागावले होते का? एवढं तरी?"

"नाही, रागावले नव्हते. अगदी हळू बोलत होते."

"हळू?" त्या थांबल्या. "हे हळू बोलत होते?"

"हो."

"बरं. आठवलं तर कळव हं. कधीही फोन कर, मी घरीच असते."

तेव्हापासून आठवतोय. अगं, आणि पुढे. अगं, आणि पुढे. आज घरी आल्यावर एकदम वाटलं की सापडलं. पूर्ण वाक्य, घडाघडा. इथेच लिहिलं, आणि काकींना फोन लावायला उठलोसुद्धा. मग पुन्हा वाचून पाहिलं. बायकोला तीस वर्षांनी कुणी असं बोलत नाही. तिला सांगायचं म्हणून आरशासमोर जे घोकत होतो, तेच ते. नुसतं आधी 'अगं' लावलेलं.

खोडलं. ते काकांचं नव्हतं.